घरात माणसं किती

देशाचं नेतृत्व, सुरक्षा, हवामान धोरण, याबद्दल लोकांना काय वाटतं ते विचारत सर्वेक्षणवाली दारोदार फिरत होती. तिसऱ्या मजल्यावर एका काकांनी दार उघडलं.

"घरात अठरा वर्षांवरची माणसं किती, काका?"

"तिघं."

"ज्यांचा वाढदिवस सगळ्यात जवळ आलाय, त्यांचंच मत घ्यायचं असा आमचा नियम आहे."

"मग आमच्या मुलाचं घ्या. परवाच आहे त्याचा. या विषयांवर तर जेवण गार होईतो भांडतो माझ्याशी."

"बोलवता का त्यांना?"

काका चष्मा काढून पुसत राहिले.



आतून काकूंचा आवाज आला, "अहो, तो पुरात गेला त्याला वर्ष होत आलं. आता तरी दोघंच सांगत जा."