खोक्यातला कागद

औषधांच्या कारखान्यात बावीस वर्षं सासूबाईंचं एकच काम होतं: माहितीच्या कागदाची घडी घालून तो खोक्यात सरकवायचा. हात असा बसला होता की डोळे मिटूनही घडी चुकायची नाही. आता कोलेस्टेरॉलसाठी त्याच कारखान्यातल्या गोळ्या त्यांच्या मागे लागल्या होत्या. भरीला, चरबी झडते म्हणून त्या रोज पपनसासारख्या त्या ग्रेपफ्रूटचा ग्लासभर रस प्यायच्या.

आज पाय इतके ठणकत होते की उठवेना. लघवीही चहासारखी काळपट झाली होती.

"आई, खोक्यातला कागद वाचलात का?" सुनेनं विचारलं.

"अगं, लाखो गेलेत माझ्या हाताखालून!"

सुनेनं तो उलगडला. "या गोळ्या चालू असताना ग्रेपफ्रूटचा रस पिऊ नये. स्नायू झिजून मूत्रपिंडं..." पुढचं तिला वाचवेना.

"बघू," म्हणत सासूबाईंनी कागद घेतला. आणि त्यांची बोटं आपसूक त्याची घडी घालू लागली.