चौथा खांदा

जनाज्याचा चौथा कोपरा खांद्यावर आला तेव्हा जोल्दास ताश्कंद बघत होता. निदान बायकोला तसं वाटत होतं. इस्तंबूलहून कझाकस्तानात, घरी आक्ताऊला परतायचं, तर वाटेत इथे विमान बदलायचं होतं. खरं तर पहिलं विमान त्याच्या घरावरून उडतच पुढे आलं होतं, पण हे तिकीट स्वस्त होतं. दिवसभर विमानतळावर पेंगत बसू नकोस, पायी फीर, जुनं शहर बघ, असं बायकोनं फोनवर बजावलं होतं. म्हणून तो फिरत होता. नवे बूट टाचा सोलत होते. सगळ्या गल्ल्या मातीच्या भिंतींच्या, सगळ्या सारख्या. ही गल्ली मघाचीच की नवीन, हे कुणाला विचारायचंही त्राण त्याच्यात उरलं नव्हतं.

तेवढ्यात वळणावर जनाजा आला. चौथ्या कोपऱ्याचा म्हातारा दम लागून भिंतीला टेकला होता. वाटेत जनाजा भेटला की वाटसरूनं चार पावलं खांदा द्यायचा, ही रीत जोल्दासच्या गावीही होती. त्यानं दिला. चार पावलं झाली. त्यानं मागे वळून पाहिलं. बदलायला कुणीच नव्हतं. दोन्ही बाजूंच्या बाकांवर मात्र माणसं ओळीनं बसली होती. जनाजा जवळ आला की रिवाजाप्रमाणे उठून उभी राहत होती आणि पुढे गेला की पुन्हा बसून चहा पीत होती.

"यांच्यातलं कुणी येत नाही का?" जोल्दासनं विचारलं.

"येतील की. मशिदीत येतील," पुढचा तरुण मान न वळवता म्हणाला. तो मयताचा मुलगा, एल्मुरोद. थोरल्याला इथे 'अका', म्हणजे दादा, म्हणत. "नमाज चुकवली तर पाप लागतं, अका. खांदा चुकवला तर काही लागत नाही."

मशीद येईपर्यंत उरलेल्या दोन कोपऱ्यांनी, म्हणजे मयताच्या मेहुण्यांनी, सगळं सांगून टाकलं. मयत सोबितजोन. यानं मोहल्ल्याचा पाट स्वतःच्या द्राक्षवेलीकडे वळवून घेतला होता. ज्यानं ज्यानं वरती खोली चढवली, त्याची त्याची तक्रार केली होती. लग्नात जेवायला बसला की पुलावात मीठ कमी म्हणायचा आणि उठताना तोच पुलाव पिशवीत भरून न्यायचा. फळं अंगणात पडतात म्हणून शेजारच्या मिर्वाली बाबाचं तुतीचं झाड त्यानं बाबा गावाला गेलेला बघून तोडलं होतं. इमामाच्या आवाजाबद्दलही वर अर्ज दिला होता.

"कधी?" जोल्दासनं विचारलं.

"दर रमजानला," धाकटा मेहुणा म्हणाला.

मशिदीच्या अंगणात जनाजा ठेवला. जोल्दास खांदा चोळत सटकणार, तोच एल्मुरोदनं त्याची बाही धरली.

"अका, नमाज झाली की इमाम विचारतो, हा माणूस कसा होता? तीनदा विचारतो. 'चांगला होता' असं कुणीतरी म्हणावं लागतं. घरच्यांचं धरत नाहीत. कुणीच नाही बोललं, तर माझी आई या गल्लीत तोंड कसं दाखवेल?"

"पण बाबा रे, मी ओळखत नाही त्याला."

"म्हणून तर तुम्हाला सांगतोय."

नमाज झाली. अंगण माणसांनी भरलं होतं. इमामानं घसा साफ केला, तोही जरा जास्तच वेळ. "मोमिनांनो, हा माणूस कसा होता?"

कबुतरं तेवढी फडफडली.

"हा माणूस कसा होता?"

कुणीतरी खोकलं. सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते. एल्मुरोद जोल्दासकडे बघत होता. त्या पोराचे ओठ पांढरे पडले होते.

जोल्दासनं तोंड उघडलं. पण खोटं बोलायलाही अंगात थोडा जोर लागतो. तो टाचांतून केव्हाच गळून गेला होता.

"मी परगावचा," तो म्हणाला. त्याचा कझाकी हेल सगळ्या अंगणाला ऐकू गेला. "मला काही ठाऊक नाही." मग शेजारी उभ्या असलेल्या पांढऱ्या दाढीकडे वळून त्यानं अगदी खरोखरीचं विचारलं, "बाबा, तुम्हीच सांगा ना. कसा होता हो हा?"

ती दाढी मिर्वाली बाबाची होती.

अंगणात चुळबुळ झाली. इमामाला उत्तर दिलं नाही तरी चालतं, तो घरचाच. पण पाहुण्यानं विचारलं होतं. पाहुण्याला उत्तर न देता कसं चालेल? आणि पाहुण्यापुढे मोहल्ल्याची लाज कशी काढायची?

मिर्वाली बाबाची दाढी हलली. थांबली. पुन्हा हलली.

"चांगला होता," बाबा म्हणाला, स्वतःचा दात स्वतःच उपटून हातावर ठेवावा तसा.

"चांगला होता," शेजारचा पुटपुटला. मग त्याच्या पलीकडचा. मग अख्खी रांग. मागून कुणीतरी "फारच चांगला!" म्हणालं, तर त्याला कोपरखळी बसली. इमामानं घाईघाईनं तिसऱ्यांदा विचारून घेतलं आणि या वेळी सगळं अंगण एका सुरात ओरडलं. एल्मुरोदनं तोंडावर बाही धरली.

जनाजा उचलायला जोल्दास वाकला, तर मिर्वाली बाबानं त्याला खांद्यानंच बाजूला ढकललं. "हो तिकडे! पाहुण्याला ओझं उचलायला लावायचं? एवढे मेलो नाही आम्ही." बघता बघता खांद्यांची रेटारेटी झाली. जनाजा पाण्यावरून जावा तसा अलगद कबरस्तानाकडे निघाला.

जोल्दास मोकळ्या खांद्यानं बाबाच्या शेजारून लंगडत चालला होता. थोड्या वेळानं त्यानं हळूच विचारलं, "बाबा, खरंच चांगला होता?"

"तू इथे राहणार आहेस का?"

"नाही. संध्याकाळी जाणार."

"मग होता."