तुळशीची ओल

पूजा होईपर्यंत मंजुषाबाई बोलत नसत. चातुर्मासातला नेम होता. समईची वात सारखी करताना त्यांनी देवघराशेजारचा रेडिओ मात्र लावून ठेवला होता. विद्यार्थिनीला तसा शब्द दिला होता.

खरखरीतून आवाज आला. "बाई, मी सृष्टी! ऐकू येतंय का?"

बाई गालात हसल्या. दोन गल्ल्या पलीकडून पोरीचा आवाज, आणि तोही रेडिओवर! विज्ञान प्रदर्शनासाठी आवाज पाठवणारा छोटा ट्रान्समीटर बनवायला नववीतल्या या मुलीला त्यांनीच हौसेनं मदत केली होती. रविवारी तिच्या घरी जाऊन पाण्याच्या टाकीपासून शेवग्यापर्यंत एरियलची तार ताणून दिली होती. जमिनीत पुरायची तांब्याची पट्टीही त्यांच्याच घरातली. "एरियलइतकंच अर्थिंगही चांगलं लागतं. नळाजवळ पूर, तिथं ओल असते," असं बजावून आल्या होत्या.

"कालपेक्षा आवाज मोठा आहे ना? बॅटरी उतरली, म्हणून बाबांचा जुना एलिमिनेटर लावलाय. सरळ घरच्या लायटीवर!"

तिच्या बोलण्यामागं एक जाडसर घूंऽऽ चालू होतं. बाईंचा हात वातीवर थांबला.

"आणि नळाजवळ कुठली ओल, बाई! पाणी दिवसाआड येतंय. पट्टी उपटली नि आजीच्या तुळशीत पुरली. तिथली माती कधी म्हणजे कधी सुकत नाही. तार हाताला जरा चुणचुणते, पण..."

बाईंना ते वृंदावन डोळ्यांपुढं दिसलं. फरशीवर उभं केलेलं, सिमेंटच्या तळाचं. आतल्या मातीचा खालच्या जमिनीशी काही संबंध नव्हता. जुन्या एलिमिनेटरमधून तारेत उतरलेला करंट तिथून कुठंच जाणार नव्हता. ओल्या मातीत वाट बघत बसणार होता.

"ए सृष्टे!" रेडिओतून म्हातारा आवाज आला. "दिवस वर आला अन् तुझी डब्यापाशी बडबड सरंना! सरक, पाणी घालू दे."

"आजी, ओली साडी तरी बदल की!"

"ओलेत्यानंच घालत्यात. तुझ्या बाईला इचार, त्या बी नेमाच्या हायेत."

आजी नुसतं पाणी घालून थांबणार नव्हत्या. गडू रिकामा करतील, मग मुळाशी हात लावून ओली माती कपाळाला लावतील. बाई स्वतः रोज तेच करत.

"सृष्टी, हात लावू देऊ नको!"

मौन सुटलं, ते रेडिओपुढं. रेडिओ ऐकवत होता. ऐकत नव्हता.

बाई फोनकडे धावल्या. नंबर लावला. कानाशी घंटी गेली, आणि पाठोपाठ तीच घंटी रेडिओतही वाजू लागली.

"आजी, फोन! बाईंचाच असणार. घेऊ?"

"वाजू दे मेला. तो गडू दे आधी. अगोदर देवाचं, मंग माणसाचं."

पाण्याची बारीक धार ऐकू आली. बराच वेळ. मग तीही थांबली. गडू रिकामा झाला होता.

रेडिओतली घंटी मध्येच तुटली. घूंऽऽ गेलं. मागे नुसती खरखर राहिली.

कानाशी घंटी वाजतच होती.