आसुनचा ऑगस्ट

"याची तर बाल्कनीच पश्चिमेला," आसुन म्हणाली आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

न्येवेसने फोनवरचं तेही घर बाजूला सारलं. रविवारचं जेवण केव्हाच उरकलं होतं, कॉफीचे कप तसेच पडले होते, आणि गांदियाच्या किनाऱ्यावरचं एकही भाड्याचं घर तिच्या आईबापांच्या पसंतीला उतरत नव्हतं. एक समुद्रापासून लांब. दुसरं इतकं जवळ की घरभर वाळू होणार. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. आईचं एक वेळ समजू शकत होतं, पण आज बाबाही तिच्या सुरात सूर मिसळत होते. एका घराचा फ्रिज लहान आहे म्हणून फेर्मीनने नाक मुरडलं. या माणसाने आयुष्यात फ्रिजमधून पाण्याच्या बाटलीपलीकडे काही काढलेलं न्येवेसला आठवत नव्हतं.

खरं तर यंदा सगळ्यांनी खूश असायला हवं होतं. फेर्मीन नुकताच निवृत्त झाला होता. तो चष्म्याच्या दुकानात नोकरीला होता. ऑगस्ट आला की मालक सुट्टीवर जाई आणि दुकान फेर्मीनच्या गळ्यात पडे. त्यामुळे दर वर्षी आसुन महिनाभर गांदियाला जाई आणि तो माद्रिदच्या उन्हात एकटा भाजत राही. बायकोपोरांना समुद्रावर धाडून शहरात मागे राहणाऱ्या नवऱ्याला माद्रिदमध्ये 'रोद्रिगेस' म्हणतात, मग त्याचं आडनाव काहीही असो. फेर्मीन हा गल्लीतला सगळ्यात जुना रोद्रिगेस. बिचारा, असं सगळे म्हणत. आसुनही म्हणे.

तो महिना आपल्याला किती प्रिय आहे, हे मात्र तिने कुणाला सांगितलं नव्हतं. ती आणि बहीण चारो, दोन बुटक्या खुर्च्या, पाय पाण्यात. भूक लागली की पाव, टोमॅटो आणि कलिंगडाची फोड. जेवायला काय आहे, असं कोणी विचारत नसे. फेर्मीन वाईट नवरा नव्हता. तो फक्त असायचा, आणि सतत असायचा. निवृत्तीनंतर तर तो सकाळी सकाळी स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकून उभा राही आणि ती कांदा कसा चिरते ते बघे. ऑगस्टकडे डोळे लावून आसुनने तेही सोसलं होतं. आता ऑगस्टलाही तो सोबत येणार होता.

बरं, नको म्हणायची सोय नव्हती. सगळ्यांनी मिळून जायचं हे न्येवेसच्या मनात होतं. तिचं आणि तिच्या नवऱ्याचं, रुबेनचं, हल्ली पटत नव्हतं. आजही तो जेवायला आला नव्हता. डोकं दुखतंय म्हणे. तुम्ही दोघं जवळ असलात की आम्ही नीट वागतो, तुमच्याकडे बघून तरी चार गोष्टी शिकू, असं तिने आईला सांगितलं होतं. एका बाजूला लेकीचा संसार आणि दुसऱ्या बाजूला एक बुटकी खुर्ची. कोणती आई खुर्चीची बाजू घेईल?

शेवटच्या घरात खोडच सापडेना. बाल्कनी पूर्वेला होती, फ्रिज कपाटाएवढा होता. हेच घेते, न्येवेस म्हणाली, सगळ्यांसाठी, महिनाभर. तिचा अंगठा टेकणार तेवढ्यात आसुनने तिचं मनगट धरलं.

"मला तुझ्या बाबांबरोबर नाही जायचं."

बोलून गेली आणि तिला रडूच आलं. पण आता थांबणं शक्य नव्हतं. अकरा महिने ती या माणसाबरोबर सुखाने राहते, ते बाराव्याच्या जोरावर, असं तिने सांगितलं. तो बारावा हातचा गेला तर त्या अकरांचं काय होईल, याची तिला खरोखर भीती वाटत होती. फेर्मीनकडे बघायचा तिला धीर होईना.

फेर्मीनने टेबलावरचे पावाचे कण बोटाने गोळा केले. मग एक लांब श्वास सोडला.

"आणि मी खुळ्यासारखा फ्रिजला नावं ठेवत बसलोय," तो म्हणाला.

मग त्याचंही सगळं बाहेर आलं. ऑगस्टमधलं रिकामं माद्रिद. खिडक्या लावून घेऊन, नुसत्या चड्डीवर बसून ऐकलेला रेडिओ. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या बारमध्ये तळलेली मासळी आणि गल्लीतले बाकीचे रोद्रिगेस. वाळूचा त्याला मनापासून तिटकारा होता. पण बायको इतकी वर्षं एकटी जाते, आता तरी सोबत करावी, म्हणून तो मन मारून तयार झाला होता. आसुन डोळे पुसता पुसता हसायला लागली. त्याने तिचा हात हातात घेतला. हा माणूस आपल्याला किती आवडतो, हे तिला बऱ्याच दिवसांनी आठवलं.

न्येवेसचा चेहरा मात्र उतरला होता.

"म्हणजे तुमचं पटतं ते असं?"

"असंच. नाहीतर कसं पटेल, बाई?" आसुन म्हणाली.

न्येवेस फोन घेऊन बाल्कनीत गेली. आपण लेकीच्या सुखात मिठाचा खडा टाकला, असं वाटून आसुन तिच्या मागोमाग दारापर्यंत गेली. न्येवेसने रुबेनलाच फोन लावला होता, स्पीकरवर. बाबा येत नाहीयेत, ती त्याला सांगत होती. मी, आई आणि चारोमावशी जातो. तू यंदा माद्रिदलाच राहशील का?

न्येवेसने डोळे मिटून घेतले. आसुनला आपल्या त्या खुर्चीचीच लाज वाटली.

मग रुबेन बोलला. त्याचा इतका गोड आवाज आसुनने लेकीच्या लग्नानंतर ऐकला नव्हता.

"पूर्ण महिना, राणी?"