शंभरपैकी अकरा

मंगळवार, दि. १९ नोव्हेंबर २०२४, सकाळी सव्वाअकरा. मिरजेतील एका कर्करोग रुग्णालयात डॉक्टर मुजावर यांची खोली. स्तनातून काढलेल्या गाठीचा जनुकीय अहवाल आला होता. किमोथेरपी घ्यावी लागणार की नाही, हे त्यावरच ठरणार होते.

निवृत्त गणितशिक्षिका कुमुदिनीबाई वाळिंबे यांनी तो डॉक्टरांच्या आधी उघडला. चाळीस वर्षे उत्तरपत्रिका तपासल्याच्या सवयीने त्यांची नजर थेट गुणांवर गेली. शंभरपैकी अकरा. त्यांनी कागद पतीकडे सरकवला.

मुकुंदरावांनी आकडा दोनदा वाचला. "डॉक्टर, फेरतपासणीला पाठवता येईल का?"

"काही नको," बाई म्हणाल्या. "जन्मात कुणाला अर्धा गुण वाढवून दिला नाही. आता स्वतःसाठी कोणत्या तोंडाने मागू? केस जातील ते जातील."

"अगं, पण पस्तीस तरी हवे होते."

डॉक्टरांनी अहवाल वाचला आणि त्यांना हसू आवरेना. "बाई, हे गुण तुमचे नाहीत, गाठीचे आहेत. तिच्यातली एकवीस जनुकं किती जोमानं काम करतात, त्यावरून आजार उलटण्याचा धोका मोजलाय. आकडा जितका लहान, तितका धोका कमी."

बाईंनी कागद परत ओढून घेतला. "म्हणजे गाठ नापास?"

"सपशेल."

इतका वेळ उभे असलेले मुकुंदराव खुर्ची ओढून बसले. डॉक्टरांनी औषधाची चिठ्ठी लिहायला घेतली.

"रोज एक गोळी, पाच वर्षं. किमोथेरपी लागणार नाही."