तास संपल्यावर

“झाले तुझे तास,” मामा म्हणाला आणि भिंतीवरच्या यंत्रात तिचं कार्ड त्यानं स्वतःच सरकवलं. “आता तू नोकर नाहीस, घरची मुलगी. त्या कढया तेवढ्या घे.”

तेवढ्या म्हणजे ढीगभर. हॉटेलच्या मागच्या खोलीत, मोरीपाशी, त्या एकात एक कोंबून ठेवल्या होत्या. तळाला जळका थर, वर थिजलेलं तेल. मोरी तुंबली होती आणि पाण्यावर पिवळट साय धरली होती. तिनं श्वास रोखून हात घातला. हा वास काही केल्या केसांतून जात नसे. वर्गातली शेजारीण हल्ली एक खुर्ची सोडून बसायची.

नियम साधा होता. शिकायला आलेल्यांनी आठवड्याला ठरावीक तासच काम करायचं. त्यापुढे काम करताना सापडलं की व्हिसा रद्द, डिग्री अर्धवट, घरी रवानगी. तिचं शेवटचं सत्र चालू होतं. मामाला हा नियम तिच्याहून पक्का पाठ होता. कार्डावरचे तास तो अगदी काटेकोर पाळायचा. त्यापुढचं सगळं घरचं काम, आणि घरच्या कामाचा पगार कुणी मागतं का?

खरं तर मामा कुणाचाच मामा नव्हता. “मालक काय म्हणतेस गं, परक्या देशात मामा म्हण,” असं तो प्रत्येक नव्या मुलीला सांगायचा आणि डोक्यावरून हात फिरवायचा. वरून कीर्तन, आतून तमाशा. डाव चाटून तोच पुन्हा पातेल्यात बुडवायचा. जाताना आठवणीनं डबा भरून द्यायचा, गिऱ्हाइकांनी टाकलेल्या अन्नाचा. एकदा त्यात दातांची खूण असलेला मांसाचा तुकडा निघाला होता. तिकडे आई फोनवर म्हणायची, “देवमाणूस भेटला गं तुला. त्यांना दुखवू नकोस.” आईला काय सांगणार, कपाळ?

परवा तिनं भीत भीत विषय काढला होता. कॉलेजच्या ग्रंथालयात जागा निघाली होती. नियमात बसणारी, स्वच्छ, बसून करायची. “जाऊ का मामा?” मामा गोड हसला होता. “बघू की,” म्हणाला होता.

एक साहेब दार ढकलून आत आला तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत कढईत होते. गडद कोट, गळ्यात ओळखपत्र, काखेत फाईल. चेहऱ्यानं तो आपल्याकडचा वाटला, पण बोलला इथल्या भाषेत, एकेक शब्द तोडून.

“व्हिसा खात्याकडून आलोय. ही इथं काम करते?”

साबणाचं पाणी हातावरून ओघळत राहिलं. हात पुसावेत की तसेच ठेवावेत हेही तिला सुचेना.

मामाच्या कपाळावर आठीसुद्धा पडली नाही. “छे हो साहेब! भाची आहे माझी. सख्ख्या बहिणीची मुलगी. नको नको म्हटलं तरी ऐकत नाही, आली की लागते कामाला. आपल्या घरचे संस्कार, दुसरं काय!”

साहेबानं तिच्याकडे पाहिलं. “खरं आहे हे?”

“हो,” ती म्हणाली. “मामा आहेत माझे.”

साहेबानं फाईलमध्ये काहीतरी खरडलं. पुन्हा दिसलीस तर सोडणार नाही, असं म्हणून तो मागच्या दारानं बाहेर पडला.

“पाहिलंस?” मामा लगेच आपल्या भाषेत आला. “मी होतो म्हणून तरलीस. आता ते ग्रंथालयाचं खूळ काढून टाक डोक्यातून. तिथं कोण बसलाय तुझा मामा? आणि रविवारीही येत जा जरा.”

“उपकार झाले, मामा,” ती म्हणाली.

शब्द तोंडातून निघून गेले आणि तिला मळमळलं. मोरीची एव्हाना सवय झाली होती, पण स्वतःच्या जिभेची अशी किळस तिला आजवर कधी आली नव्हती. या माणसाचे उपकार! उद्यापासून हा तिला उष्टं देईल आणि ती त्याचे आभार मानेल. मन लावून मानेल. तेच तिला सहन होईना.

डिग्री गेली चुलीत, ती मनाशी म्हणाली. आई रडेल, शेजारीपाजारी तोंडावर पदर घेऊन हसतील. हसू देत. तिनं कढई तशीच पाण्यात सोडली आणि ओल्या हातांनी मागचं दार उघडून धावत सुटली. मामा मागून हाका मारत होता.

कचऱ्याच्या पिंपांपाशी साहेब सापडला.

“साहेब, खोटं बोलले मी,” ती इथल्या भाषेत म्हणाली. धाप लागली होती, तरी ती थांबली नाही. “तो माझा कुणीही नाही. माझे तास संपलेत आणि तरीही मी इथं राबते. माझं नाव लिहा. त्याचंही लिहा. मला घरी पाठवलंत तरी चालेल.”

साहेबानं फाईल उघडली नाही. त्यानं आधी मामाच्या दाराकडे पाहिलं, मग तिच्याकडे. कोट त्याच्या खांद्यांना चांगलाच ढगळ होत होता.

“हळू बोल गं,” तो म्हणाला, आणि चक्क आपल्या भाषेत म्हणाला. “मीसुद्धा शिकायलाच आलोय. मामाच्या दुसऱ्या हॉटेलात तास संपल्यावरही भांडी घासतो. साहेब व्हायला नाही म्हणालो, तर तो म्हणाला, मग तुझ्यासाठी खरा साहेब बोलावतो.”