डावीकडं ओढणारं विमान

"या दोन्हींत फरक काय?" भाग्यश्रीनं विचारलं.

काउंटरवर कॉम्प्युटरवर विमान उडवायच्या दोन जॉयस्टिक उभ्या होत्या, दिसायला जुळ्या बहिणी. काळेवाडीतल्या त्या कॉम्प्युटरच्या दुकानात दुकानदार समर्थ एकटाच होता. त्यानं दोन्ही दांडे बोटानं हलवून दाखवले.

"हिच्यात चुंबक आहे ताई. आत काही घासत नाही, म्हणून बिघडतही नाही. ही दुसरी स्वस्तातली. हिची आतली पट्टी घासते. आज मस्त चालेल, पण पुढंमागं हात न लावताही विमान एका बाजूला ओढायला लागेल. मग कटकट."

"पण उडतं ना हिच्यावर?"

"उडतं की."

"मग हीच द्या. खेळणंच तर आहे."

समर्थनं एकदा तिच्याकडं पाहिलं आणि स्वस्तातली खोक्यात घातली.

खेळणं तिच्या नवऱ्यासाठी होतं. समाधान चाकणच्या एका कंपनीत मालाच्या तपासणीवर होता. लहानपण दिघीत गेलेलं. लोहगावला उतरणारी विमानं डोक्यावरून जायची, तेव्हा तो वर न बघता नुसत्या आवाजावरून सांगायचा, कुठलं ते. पायलट व्हायचं होतं. जाड चष्म्यानं ते दार बंद केलं. मग घरच्या कॉम्प्युटरवर विमान उडवायचा, तेही कीबोर्डची बटणं दाबून. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यानं स्वतःसाठी कधी काही मागितलं नव्हतं. यंदा वाढदिवसाला पहिल्यांदाच, लाजत लाजत म्हणाला होता, "एखादी साधी जॉयस्टिक मिळाली तर बघ ना."

'साधी' हा शब्द तेवढा तिनं नेमका धरला.

सुरुवातीचे महिने घरात नुसता सण होता. शिफ्टवरून आला की हातपाय धुऊन समाधान खुर्चीत बसायचा. तिलाही शेजारी बसवायचा. "ही बघ इंद्रायणी. आता आपण वळतोय. पट्टा आवळ!" उतरताना विमान असं टेकायचं की वाटावं, लेकराला झोळीत ठेवलंय. सासूबाई, कौशल्याबाई, भाजी निवडता निवडता विचारायच्या, "पोचलास का रे कुठं?" आणि तिघंही हसायची.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी विमान धावपट्टी सोडून शेतात घुसलं.

"डावीकडं ओढतेय ही," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशीही तेच. मग रोजच. तो दांडा घट्ट धरायचा, दात आवळायचा, तरी विमानाचं नाक डावीकडंच. भाग्यश्रीला समर्थचं बोलणं आठवलं. पण कबूल करावं, तर तो विचारणार, चांगली होती तर तीच का नाही घेतलीस? म्हणून ती उलट चढून बोलली.

"नाचता येईना अंगण वाकडं! तुमच्या हातालाच वळण नाही, आणि दोष मात्र वस्तूला."

दांड्यावरचा हात उचलून त्यानं मांडीवर ठेवला. मग कॉम्प्युटर बंद केला.

त्यानंतर तो त्या खुर्चीत बसलाच नाही. घरात अबोला नव्हता, पण माणूस आतून रुसला होता. चहाचा कप ठेवताना हातातून सुटायचा, फुटायचा. भाग्यश्रीला वाटायचं, आदळआपट चाललीय. शर्टाची वरची बटणं उघडीच टाकून कामावर जायचा. दोघं बाहेर निघाली की गाडीची किल्ली तिच्याकडं द्यायचा, "तूच चालव. मला कंटाळा आलाय." वरणभातालाही चमचा घ्यायला लागला. कॅन्टीनची सवय, म्हणाला.

एकदा कौशल्याबाईंनी तिला ओट्यापाशी गाठलं.

"एवढा का गं खचलाय तो? काही बोललीस का?"

"बोलले आई."

"मग निस्तर. त्याच्या तोंडून काही निघायचं नाही. बापावर गेलाय."

इतक्या वर्षांत त्याचं एकच तर मागणं होतं. त्यातही भाग्यश्रीनं काटकसर केली, आणि वर त्याच्या हातालाच नावं ठेवली.

शनिवारी तो कामावर गेल्यावर तिनं जुनी जॉयस्टिक पिशवीत घातली आणि दुकान गाठलं. तिनं सगळं मनाशी ठरवून टाकलं होतं. नवी आणायची, जोडून ठेवायची, तो आला की खांद्याला धरून खुर्चीत बसवायचं आणि सांगायचं, चूक माझी होती, तुमच्या हाताचा काही दोष नव्हता.

"ती चुंबकवाली द्या," ती म्हणाली. "तुम्ही सांगितलं होतं तसंच झालं. डावीकडं ओढते."

"बघू तरी ताई. दुरुस्त होत असेल तर उगाच नवी कशाला?"

समर्थनं वायर जोडली. पडद्यावर एक चौकोन आला, त्याच्या बरोबर मध्यात बारीकशी फुली. त्यानं दांडा डावीकडं नेऊन सोडला. फुली मध्यावर आली. उजवीकडं नेला, पुढं रेटला, मागं ओढला. दर वेळी फुली जागच्या जागी. मग त्यानं एक विमान उडवलं आणि दोन्ही हात बाजूला घेतले. विमान सरळ चाललं होतं. तो बराच वेळ बघत राहिला. विमान सरळच चाललं होतं.

"हिच्यावर घरात कोण कोण बसतं?"

"फक्त हेच."

"कुठल्या हातानं?"

"उजव्या. का हो?"

समर्थनं जॉयस्टिक हलकेच तिच्याकडं सरकवली.

"हिच्यात काहीच बिघाड नाही ताई," तो म्हणाला, आणि मग आवाज खाली आणून त्यानं विचारलं, "दादांच्या हाताला काही झालंय का?"